मेंदूच्या दुखापतीनंतरची अस्वस्थता : औषध केव्हा, कोणते आणि किती दिवस?

डोक्याला जबर मार लागून बेशुद्ध पडलेला माणूस काही दिवसांनी डोळे उघडतो, हातपाय हलवू लागतो, तेव्हा घरच्या माणसांच्या जिवात जीव येतो. परंतु पुष्कळदा हा आनंद फार काळ टिकत नाही. शुद्धीवर येत असलेला रुग्ण एकाएकी तगमग करू लागतो, सलाईनची नळी उपसून टाकतो, खाटेवरून उतरू पाहतो, ओरडतो, शिव्या देतो, सेवा करणाऱ्या परिचारिकेवर किंवा सख्ख्या भावावर हात उगारतो. रात्र रात्र त्याला झोप नसते. ज्याने आयुष्यात कधी कोणाला उलट उत्तर दिले नाही, त्याच्या तोंडून असे शब्द ऐकताना आप्तेष्टांचा धीर खचतो. कोणी म्हणते, याला वेड लागले. कोणी म्हणते, अपघाताच्या जागेची बाधा झाली. मग कोठे देवऋषी शोधला जातो, कोठे रुग्णाला खाटेला बांधले जाते, तर कोठे दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून त्याला दिवसरात्र निजवून ठेवण्यात येते.

या तिन्ही मार्गांनी रुग्णाचे हित होत नाही. ही अस्वस्थता म्हणजे वेड नव्हे, बाधा नव्हे आणि स्वभावाचा दोषही नव्हे. जखमी मेंदू सावरत असताना येणारी ती एक अवस्था आहे. तिच्यावर औषधे उपलब्ध आहेत. परंतु ती केव्हा द्यावीत आणि कोणती टाळावीत याविषयीचे वैद्यकीय मत गेल्या काही दशकांत पुष्कळ बदलले आहे. रुग्णालयातून सुटल्यावर रुग्ण आपल्या गावात, आपल्या शाळेत, आपल्या कामावर परत येतो. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा न राहता ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय कर्मचारी यांच्याही माहितीचा असणे आवश्यक ठरते.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. मृतांची मोजदाद होते; परंतु डोक्याला मार लागून जे वाचतात, त्यांच्या पुढील आयुष्याकडे समाजाचे लक्ष क्वचितच जाते. दुचाकीवरून पडणे हे या दुखापतीचे एक प्रमुख कारण होय. त्याशिवाय झाडावरून, विहिरीच्या काठावरून वा बांधकामावरून पडणे, वृद्धांचे घरात घसरणे आणि मारामारी हीही कारणे आढळतात. जखमींमध्ये कमावत्या वयातील माणसे मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे एका माणसाची दुखापत ही एका कुटुंबाची आपत्ती ठरते.

ही अवस्था का येते?

मेंदू कवटीत मऊ लगद्यासारखा असतो. डोके जोराने आदळले, की तो कवटीच्या आतील खडबडीत हाडांवर घासला जातो. कपाळामागील आणि कानशिलामागील भागांना याचा विशेष फटका बसतो. नेमक्या याच भागांकडे राग आवरणे, विचार करून वागणे आणि नव्या गोष्टी स्मरणात ठेवणे ही कामे असतात. शिवाय आघाताच्या हिसक्याने मेंदूतील सूक्ष्म तंतू ताणले जातात व काही ठिकाणी तुटतात.

रुग्ण शुद्धीवर येऊ लागतो तेव्हा जागे ठेवणारी केंद्रे आधी कामाला लागतात. विवेक आणि स्मृती मात्र मागाहून येतात. या मधल्या काळात त्याला दिसते, ऐकू येते, दुखते. पण आपण कोठे आहोत हे कळत नाही. पाच मिनिटांपूर्वी सांगितलेले आठवत नाही. अनोळखी जागी, नाकात नळी घातलेल्या स्थितीत, अपरिचित माणसे आपल्याला धरून ठेवीत आहेत एवढेच त्याला जाणवते. अशा वेळी सुटून पळू पाहणे ही भयभीत प्राण्याची स्वाभाविक प्रतिक्रिया असते. या काळास आघातोत्तर स्मृतिलोपाचा काळ म्हणतात. बरे झाल्यानंतर बहुतेक रुग्णांना त्यातील काहीही आठवत नाही. म्हणून त्या काळातील बोलण्याचा राग धरण्यात अर्थ नसतो.

पायऱ्यांची कल्पना

दुखापतीच्या आरंभी बेशुद्धीची खोली मोजण्यासाठी ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडलेली मोजपट्टी जगभर वापरली जाते. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून ३ ते १५ असे गुण दिले जातात. ८ किंवा त्याहून कमी गुण असल्यास इजा तीव्र समजतात.

पुढील सुधारणेसाठी कॅलिफोर्नियातील रँचो लॉस अमिगोस रुग्णालयात तयार झालेली आठ पायऱ्यांची श्रेणी प्रसिद्ध आहे. पहिल्या पायरीवर रुग्ण कशालाच प्रतिसाद देत नाही. आठव्या पायरीवर तो हेतुपूर्वक व योग्य रीतीने वागतो. यांतील चौथी पायरी ‘गोंधळलेला व क्षुब्ध’ अशी आहे. म्हणजे ज्या तगमगीने घरचे लोक घाबरतात, ती पुष्कळदा रुग्ण तिसरी पायरी ओलांडून वर आल्याची खूण असते. प्रत्येक रुग्ण या पायरीवर थांबतोच असे नाही, आणि जो थांबतो तो बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत पुढे सरकतो. ही गोष्ट ध्यानात घेतली, की औषधयोजनेमागील मुख्य प्रश्न स्पष्ट होतो. रुग्णाला गप्प करणे हे उद्दिष्ट नाही. त्याला व इतरांना इजा होऊ न देता, त्याची वर चढण्याची गती न अडवता, हा काळ पार पाडणे हे उद्दिष्ट आहे.

औषधापूर्वी शोध

अस्वस्थ रुग्णाला शामक औषध देण्यापूर्वी अस्वस्थतेचे दुसरे कारण नाही ना, हे पाहणे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य समजले जाते. ज्याला बोलता येत नाही, तो आपले दुखणे तगमगीतूनच सांगत असतो. लक्षात न आलेले बरगडीचे वा हाताचे मोडलेले हाड, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, ताप, जंतुसंसर्ग, रक्तातील प्राणवायूची, साखरेची वा सोडियमची कमतरता ही नेहमीची कारणे होत. नित्य मद्यपान करणाऱ्याचे मद्य अपघातामुळे एकदम तुटले, तर दोन-तीन दिवसांनी थरकाप, भ्रम व क्षुब्धता उद्भवते. तिचे उपचार निराळे आहेत.

कधी औषध हेच कारण असते. फिट येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासिटाम या औषधाने काही रुग्णांत चिडचिड वाढते. उलटी थांबवणाऱ्या मेटोक्लोप्रामाइडने एके जागी बसवेनासे होते. अशा वेळी नवे औषध वाढवण्याऐवजी जुने बदलणे हाच उपाय ठरतो. मात्र फिटचे औषध घरच्या घरी अचानक बंद करणे धोक्याचे असते. हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

शांत असलेला रुग्ण पुन्हा अस्वस्थ झाला, त्याला गुंगी आली, वारंवार उलट्या झाल्या, डोके असह्य दुखू लागले, एक बाहुली मोठी दिसू लागली, फिट आली किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडले, तर कवटीत रक्तस्राव झाल्याची किंवा मेंदूतील पाणी साचल्याची शंका घ्यावी लागते. अशा प्रसंगी क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. वृद्धांमध्ये असा रक्तस्राव मार लागल्यानंतर कित्येक आठवड्यांनीही प्रकट होऊ शकतो.

परिसर हेच पहिले औषध

कारणांचा शोध घेतल्यावर दुसरा उपाय म्हणजे रुग्णाच्या भोवतालची परिस्थिती बदलणे. खोलीत प्रकाश व आवाज कमी असावा. दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद ठेवावेत. भेटीस येणाऱ्यांची रीघ थांबवावी. एका वेळी एकच परिचित माणूस जवळ बसावा. त्याने सावकाश, लहान वाक्यांत बोलावे, वाद घालू नये, ‘ओळखलेस का?’ अशी परीक्षा घेऊ नये. उलट आपले नाव, जागा आणि दिवस आपणच शांतपणे पुन्हा पुन्हा सांगावे. भिंतीवर घड्याळ, दिनदर्शिका आणि घरच्यांचे छायाचित्र लावल्याने भान येण्यास साहाय्य होते. पडण्याचे भय असल्यास गादी जमिनीवर घालावी. शक्य असल्यास रुग्णाला सोबतीने चालू द्यावे. ज्या नळ्यांची गरज संपली आहे, त्या काढून टाकण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. नातेवाइकांची गर्दी हे आपल्याकडे प्रेमाचे लक्षण मानले जाते. परंतु जखमी मेंदूला ती सोसत नाही, हे सौम्य शब्दांत समजावून सांगणे गावातील जाणत्यांचे काम आहे.

औषधे आणि त्यांचे गुणदोष

वरील उपाय पुरेसे न झाल्यास किंवा रुग्णापासून स्वतःला व इतरांना धोका असल्यास औषधांचा विचार केला जातो. या अवस्थेवर खात्रीचा गुण देणारे असे एकही औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. उपलब्ध अभ्यास थोडे आणि लहान आहेत. तरीही त्यांतून काही दिशा मिळते.

प्रोप्रॅनोलॉल हे औषध मुळात हृदयविकार व रक्तदाब यांवरचे. ते शोधून काढणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा बहुमान लाभला. भय व क्षोभाच्या वेळी शरीरात उसळणाऱ्या ॲड्रेनलिन या द्रव्याचा परिणाम ते रोखते आणि मेंदूतही पोहोचते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१ रुग्णांवरील एका तुलनात्मक अभ्यासात असे दिसले, की या औषधाने क्षुब्धतेच्या प्रसंगांची संख्या कमी झाली नाही, पण त्यांची तीव्रता उतरली आणि रुग्णांना बांधून ठेवण्याची गरज कमी पडली. उपलब्ध अभ्यासांचे एकत्र परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००६ च्या आढाव्यातही या वर्गातील औषधांच्या बाजूचा पुरावा त्यातल्या त्यात बरा ठरला. दम्याच्या रुग्णाला मात्र ते घातक ठरू शकते. नाडी मंद असणाऱ्या वा रक्तदाब कमी असणाऱ्या रुग्णांतही ते टाळावे लागते, आणि मधुमेही रुग्णात साखर उतरल्याची लक्षणे ते झाकून टाकते. म्हणून नाडी व रक्तदाब तपासतच त्याची मात्रा वाढवली जाते.

दुसरा वर्ग मनोविकारांवरील औषधांचा. १९५८ मध्ये बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले हॅलोपेरिडॉल हे त्यांतील सर्वपरिचित औषध. त्याने रुग्ण लवकर शांत होतो, म्हणून त्याचा वापर सर्रास होत असे. परंतु १९८२ मध्ये फीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने शास्त्रज्ञांना विचार करावयास लावले. मेंदूला इजा केलेल्या उंदरांना अरुंद पट्टीवर चालण्यास शिकवले असता हॅलोपेरिडॉल दिलेल्या उंदरांची सुधारणा मंदावली. ज्या डोपामिन द्रव्याच्या साहाय्याने मेंदू नवे धडे गिरवतो, त्याचेच कार्य हे औषध अडवते. माणसांतही ही औषधे मिळालेल्या रुग्णांचा स्मृतिलोपाचा काळ लांबल्याचे काही निरीक्षणांत आढळले आहे. अर्थात अधिक गंभीर रुग्णांनाच ती अधिक दिली जातात, त्यामुळे दोष सर्वस्वी औषधाचाच असे ठामपणे म्हणता येत नाही. यास्तव आजचा संकेत असा, की जिवाला धोका असेल तेव्हा ही औषधे नाकारू नयेत. पण शक्यतो क्वेटियापिन वा ओलॅन्झापिन यांसारखी नंतरच्या पिढीतील औषधे, लहान मात्रेत आणि थोडे दिवस वापरावीत.

तिसरा वर्ग झोपेच्या व चिंता घालवणाऱ्या गोळ्यांचा. डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम ही नावे खेड्यापाड्यांतही परिचित झाली आहेत. फिट थांबवण्यासाठी आणि मद्य तुटल्यामुळे आलेल्या क्षुब्धतेवर ती निश्चित उपयोगी आहेत. एरवी मात्र ती स्मृती आणखी मंद करतात, गोंधळ वाढवतात, तोल घालवतात आणि काही रुग्णांत नेमका उलट परिणाम होऊन क्षुब्धता भडकते. आधीच स्मृती हरवलेल्या माणसाला स्मृती पुसणारे औषध देण्यासारखे हे आहे. अल्प्राझोलाम व डायझेपाम ही औषधे कायद्याने एच-१ परिशिष्टात घातलेली असून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत. विक्रेत्याने त्यांची वेगळी नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे.

कार्बामाझेपिन आणि व्हॅल्प्रोएट ही फिटवरची औषधे रागाचे झटके आटोक्यात ठेवण्यासाठीही दिली जातात. पहिल्याने रक्तातील सोडियम उतरू शकते. दुसऱ्याने यकृतावर परिणाम संभवतो आणि गर्भवती स्त्रीच्या गर्भास ते अपायकारक असते. येथे आणखी एक गोष्ट सांगणे इष्ट होईल. तीव्र इजेनंतर फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन दिल्यास पहिल्या आठवड्यातील फिटचे प्रमाण १४.२ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर येते, पण त्यानंतरच्या फिट त्याने टळत नाहीत, असे १९९० च्या ४०४ रुग्णांवरील अभ्यासात दिसून आले. म्हणून ज्याला फिट आलेलीच नाही, त्याने अशी गोळी वर्षानुवर्षे घेत राहणे योग्य आहे काय, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

अमँटाडीन हे औषध शामकांच्या उलट, मेंदूला जाग आणणारे. १८४ रुग्णांवर केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दीर्घकाळ शुद्धीवर न आलेल्या रुग्णांची सुधारणा चार आठवड्यांच्या उपचारकाळात या औषधाने वेगाने झाली. चिडचिडीवर त्याचा उपयोग होतो की नाही, याविषयीचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. झोपेचे चक्र बिघडलेल्या रुग्णांसाठी मेलाटोनिन किंवा ट्रॅझोडोन यांचा विचार होतो. कारण रात्रीची स्वाभाविक झोप परत आली, की दिवसाची तगमग पुष्कळदा आपोआप ओसरते.

मोजमाप आणि मुदत

औषध लागू पडले की नाही हे अंदाजाने ठरवणे योग्य नव्हे. यासाठी अमेरिकेतील कॉरिगन यांनी १९८९ मध्ये तयार केलेली चौदा कलमांची तालिका वापरतात. लक्ष न लागणे, नळ्या ओढणे, येरझारा घालणे, शिवीगाळ अशा प्रत्येक वर्तनास १ ते ४ गुण देऊन बेरीज केली जाते. ती १४ ते ५६ यांच्या दरम्यान येते. २१ पर्यंतची बेरीज सामान्य मर्यादेत समजतात. अशी नोंद रोज ठेवली, की कोणत्या वेळी आणि कशाने तगमग वाढते हेही कळून येते. घरच्या माणसांनीही साध्या वहीत वेळ, प्रसंग, झोप आणि दिलेले औषध यांची नोंद ठेवल्यास डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होतो.

औषधयोजनेचे तीन नियम सर्वमान्य आहेत : मात्रा लहानशी सुरू करून हळूहळू वाढवावी, एका वेळी एकच औषध बदलावे, आणि अस्वस्थता ओसरताच ते कमी करण्याचा प्रयत्न करावा. तिसऱ्या नियमाचा विसर सर्वाधिक पडतो. रुग्णालयात काही दिवसांसाठी सुरू केलेले शामक घरी महिनोन्महिने चालू राहते, रुग्ण सुस्त दिसतो, आणि ही सुस्ती मेंदूच्या इजेमुळेच आहे असे सर्वजण धरून चालतात. घरी पाठवताना मिळालेल्या कागदावर प्रत्येक गोळीपुढे ‘किती दिवस?’ हे लिहून घेण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरला, तर असे अनेक रुग्ण या सुस्तीतून वाचतील.

बांधून ठेवण्याविषयी

दोरीने बांधल्याने क्षुब्धता शमत नाही. ती वाढते, हातापायांना जखमा होतात आणि श्वास कोंडण्याचाही धोका असतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण प्राणास मुकले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे निषिद्ध आहे. रुग्णालयात शारीरिक बंधन वापरावयाचे झाले, तर तात्कालिक इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच आणि आवश्यक तेवढाच वेळ, असे हा कायदा सांगतो. मेंदूची इजा झालेल्या रुग्णाच्या बाबतीतही हेच तत्त्व पाळणे माणुसकीला धरून होईल.

गावाची आणि शाळेची जबाबदारी

तीव्र अवस्था ओसरल्यावरही काही रुग्णांत चटकन राग येणे, लवकर थकणे, विसरणे आणि गोंगाट न सोसणे या तक्रारी कित्येक महिने राहतात. दुखापत झालेला विद्यार्थी शाळेत परतला आणि पूर्वीसारखा अभ्यास करीनासा झाला, तर त्याला आळशी वा उद्धट ठरवण्याची घाई करू नये. आरंभी अर्धा दिवस शाळा, पुढच्या बाकावर जागा, मध्ये विश्रांती, एका वेळी एकच सूचना आणि परीक्षेस अधिक वेळ एवढ्या सवलतींनीही त्याचे पाऊल पुढे पडते. शिक्षकांच्या निरीक्षणाची टिपणे पालकांमार्फत डॉक्टरांपर्यंत पोहोचावीत.

ग्रामपंचायत सदस्यांनी अशा कुटुंबाची विचारपूस करावी. रुग्ण औषधे वेळेवर घेतो काय, पुन्हा तपासणीस जातो काय, हे आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने पाहावे. त्याला मद्य मिळणार नाही आणि डॉक्टरांच्या संमतीविना तो वाहन चालवणार नाही, याची दक्षता घ्यावी. सेवा करणारी पत्नी वा आई स्वतः खचून जाऊ नये म्हणून शेजाऱ्यांनी पाळीपाळीने भार उचलावा. मनाचा धीर सुटलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू असून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि अखेर, ही दुखापत टाळण्याजोगी आहे याचा विसर पडता कामा नये. हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास कायदेशीर त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. ही दोन्ही माहिती ग्रामसभेत आणि शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी वारंवार सांगितली गेली पाहिजे. ज्या घरात मात्र अपघात होऊन गेला आहे, त्या घराला सांगावयाची गोष्ट वेगळी आहे : तुमचा माणूस वेडा झालेला नाही, तो परतीच्या वाटेवर आहे, त्याला बांधू नका, परस्पर गोळ्या देऊन निजवू नका, आणि डॉक्टरांकडे नेण्याचे थांबवू नका.